योगायोगातला ‘अयोग’

दिवाळीच्या चार दिवसांत मराठी घरांतून सर्वांत अधिक वेळा कानी पडणारे वाक्य कोणते, याची कुणी गणती केली, तर ‘अजून एक चकली घ्या’ याच्या खालोखाल ‘काय योगायोग पाहा!’ याचाच नंबर लागावा. मामा आणि आत्या न ठरवता एकाच गाडीने उतरतात. दोन जावा दोन गावांत राहून एकाच रंगाची साडी घेतात. ज्याची आठवण काढावी तोच दारात उभा राहतो आणि आपण त्याला तिथल्या तिथे शंभर वर्षांचे आयुष्य बहाल करतो. असा हा तोंडात बसलेला शब्द. पण त्याची फोड करून पाहण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. दिवाळीत फोडायला दुसरे पुष्कळ असते!

फोड तशी अवघड नाही. योग आणि अयोग. सारासार, बलाबल, शुभाशुभ, लाभालाभ या शब्दांच्या पंगतीत ‘योगायोग’ला नेऊन बसवला, की तो परका वाटत नाही. सार आणि असार मिळून सारासार. तसे जुळणे आणि न जुळणे मिळून योगायोग. ‘योग’ला ‘आयोग’ जोडूनही संधी होतो, आणि व्याकरण त्याला नको म्हणणार नाही. पण मला पहिली फोड अधिक जवळची वाटते, कारण आपल्या भाषेला अशा उलटसुलट जोड्यांची हौस फार जुनी आहे. फरक एवढाच, की सारासार विचार करा असे कुणी म्हटले, तर आपण दोन्ही बाजू तोलतो. लाभालाभ म्हटले, की नफ्याबरोबर तोटाही डोळ्यांपुढे येतो. योगायोगाच्या बाबतीत मात्र मागचा अर्धा शब्द आपण केव्हाच गिळून टाकला. उच्चारतो दोन्ही, आणि ऐकतो फक्त ‘योग’.

बंगाल्यांनी तर त्याला आणखी तिसरीकडेच नेले. हाच शब्द, हीच अक्षरे. पण बंगालीत ‘योगायोग’ म्हणजे संपर्क, दळणवळण. कोलकात्यात एखाद्या जाहिरातीच्या तळाशी ‘योगायोग करा’ अशा अर्थाची सूचना आणि पुढे फोनचा नंबर पाहून नव्याने गेलेला मराठी माणूस गोंधळतो. योगायोग करायचा कसा, आणि तोही फोनवर? रवींद्रनाथांच्या १९२९ सालच्या कादंबरीचे नावही ‘योगायोग’च आहे, आणि तिच्यात दोन घराणी विवाहाने एकमेकांशी जोडली जातात. म्हणजे बंगाल्यांच्या योगायोगात माणूस धागा जोडतो. आपल्यात तो आपोआप जोडला जातो आणि माणूस नुसता पाहत राहतो. उर्दूतल्या ‘इत्तिफाक’ या शब्दात पुन्हा दोन्ही अर्थ नांदतात. त्याचा एक अर्थ एकमत, आणि दुसरा आपला योगायोग. घटनांनी आपसांत मसलत करून एकमत केले, आणि आपल्याला कळवले नाही, असाच काहीसा तो भाव!

‘योग’ हा शब्द मराठी घरात शिरला तो बहुधा पतंजलींच्या आसनांवरून नव्हे, भिंतीवरच्या पंचांगातून. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. यांतल्या चार अंगांची थोडीफार ओळख आपल्याला असते, पण चौथे अंग, म्हणजे योग, हा फार गमतीचा प्रकार आहे. सूर्य आणि चंद्र यांचे भोग, म्हणजे राशिचक्रावरची त्यांची अंशांतली स्थाने, एकत्र मिळवायची आणि त्या बेरजेला १३ अंश २० कलांनी भागायचे. असे सत्तावीस योग होतात. पहिला विष्कंभ, शेवटचा वैधृती. आकाशात कितीही वेळ मान वर करून उभे राहा, यांतला एकही योग डोळ्यांना दिसणार नाही. चंद्र दिसतो, नक्षत्र दिसते. बेरीज कशी दिसावी? ती कागदावर असते. सतरावा योग व्यतीपात. त्याची ख्याती अशी वाईट, की जुन्या घरांतून उपद्व्यापी पोरालाच व्यतीपात म्हणत.

गुरुवार आणि पुष्य नक्षत्र एकत्र आले, की गुरुपुष्यामृत. सराफांच्या दुकानांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. वार सातांचा, नक्षत्रे सत्तावीस. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांनी पुष्यात परत येतो. दोन चाके आपापल्या गतीने फिरत राहिली, तर त्यांचे ठरावीक दाते अधूनमधून समोरासमोर येणारच. हा योग वर्षातून दोन-चारदा येतो, आणि पुढल्या दहा वर्षांतला नेमका कधी येईल हेही आज सांगता येते. म्हणूनच त्याला आपण योग म्हणतो, योगायोग म्हणत नाही. ज्याचे गणित आधी मांडता येते तो योग, आणि घडून गेल्यावर ज्याच्याकडे आपण तोंडात बोट घालून पाहतो तो योगायोग, असा भेद भाषेने मुकाट्याने केलेला आहे.

लग्नाची गोष्टही तीच. लग्न म्हणजे मुळात लागलेले, चिकटलेले. एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजाला जी राशी लागलेली असेल ती त्या क्षणाचे लग्न. मांडवात पाण्याच्या गंगाळात बुडाला भोक असलेली वाटी तरंगत ठेवत. ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली, की एक घटिका झाली. जोशीबुवा तिच्यावर डोळा ठेवून बसत ते हा क्षण चुकू नये म्हणून. पुढे क्षणाचे नाव समारंभाला चिकटले, आणि आता लग्न म्हटले, की क्षितिज सोडून बाकी सगळे आठवते.

तारखांच्या जुळण्याचा मोह तर इतिहास लिहिणाऱ्यांनाही सुटत नाही. १ ऑगस्ट १९२० हा दिवस घ्या. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. असहकाराच्या चळवळीचा आरंभ त्याच दिवशी व्हावयाचा होता. ती तारीख आधीच जाहीर झालेली होती. आणि त्याच तारखेला त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे जन्मले. एक पर्व संपले, दुसरे सुरू झाले, आणि ज्यांचा आवाज या दोन्ही पर्वांत कुणी नीट ऐकला नव्हता अशा माणसांचा शाहीर त्याच दिवशी या जगात आला. कादंबरीकाराने असे कथानक रचले असते, तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हणून झोडपले असते. इतिहासाला टीकाकारांचे भय नाही. महाराष्ट्र दर वर्षी १ ऑगस्टला दोघांच्याही प्रतिमांना हार घालतो, आणि या योगायोगाने कुणाचे वाईट होत नाही. हा योगायोग अस्सल आहे.

पण काही जुळण्या अशा असतात, की जरा खरवडले, की मुलामा निघतो. ज्या वर्षी गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपासून थोरांच्या व्याख्यानांपर्यंत सर्वत्र भेटते. एका हातातून मशाल गळाली ती दुसऱ्या हाताने झेलली, अशी उपमाही तयार असते. गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ रोजी. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ रोजी. वर्ष एकच. मात्र इटलीने तोवर ग्रेगरीचे नवे कॅलेंडर घेतले होते, आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून बसले. दोन कॅलेंडरांत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. नव्याने मोजले, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. जुन्याने मोजले, तर गॅलिलिओचा मृत्यू १६४१ च्या डिसेंबरअखेर जातो. दोघांना एकच माप लावले, की जुळणी मोडते. ती टिकते केवळ एकाची तारीख एका कॅलेंडरातून आणि दुसऱ्याची दुसऱ्यातून उचलल्यावर. पत्रिका जुळवताना मुलाचे पंचांग एक आणि मुलीचे दुसरे घेतले, तर कोणतेही छत्तीस गुण जमवता येतील!

आता आपल्याच ओसरीवरचा प्रयोग. भाऊबीजेला लेकी-जावई, भाचरे-पुतणे धरून घरात तेवीस माणसे जमली आहेत असे समजा. त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याचा संभव किती? तारखा ३६५, माणसे अवघी तेवीस. बहुतेक जण म्हणतील, फार तर पंधरा-सोळांत एक. गणित सांगते, निम्म्याहून किंचित अधिक, शंभरांत जवळजवळ एक्कावन्न. माणसे सत्तावन्न झाली, तर हा संभव शंभरांत नव्याण्णववर जातो. जादू यात काही नाही. माणसे तेवीसच असली, तरी त्यांच्यात जोड्या २५३ पडतात, आणि प्रत्येक जोडी म्हणजे जुळण्याची एक संधी. आपली चूक होते ती अशी, की ‘माझ्या’ वाढदिवसाशी जुळणारा कुणी सापडेल का, असे प्रत्येक जण मनात म्हणतो. तसे हवे असेल, तर तितक्याच संभवासाठी आपल्याखेरीज २५३ माणसे जमवावी लागतील, आणि एवढ्यांच्या फराळाचे काय करायचे हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे. पहिल्या खेपेच्या २५३ जोड्यांपैकी एक जुळली, की आपण टाळी वाजवतो. उरलेल्या २५२ न जुळल्याची बातमी कुणी कुणाला देत नाही. शब्दातला ‘अयोग’ तिथेच बसून असतो, मुका.

इंग्रजांचा ‘कोइन्सिडन्स’ कोठून आला ते पाहिले, तर आपल्या पंचांगाची आठवण व्हावी. लॅटिनमधील ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्याला ‘वर’ आणि ‘सह’ या अर्थांचे उपसर्ग लागून ‘एकत्र येऊन पडणे’ असे क्रियापद मध्ययुगीन लॅटिनमध्ये झाले, आणि ते ज्योतिषाच्या लिखाणात वापरले जाई. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत नाम म्हणून आले ते तंतोतंत मिळतेजुळतेपण या अर्थी. संबंध नसलेल्या दोन घटना एकदम घडणे हा आजचा अर्थ त्याला त्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. याच ‘पडणे’ धातूची दुसरी लेकरे म्हणजे ‘चान्स’ आणि ‘ॲक्सिडेंट’. जर्मनांचा योगायोगही अंगावर येऊन पडतो. त्यांच्या ‘त्सूफाल’ या शब्दातले ‘फाल’ म्हणजे पतनच. आणि डॉक्टर ज्याला ‘सिम्प्टम’ म्हणतात, तो ग्रीक शब्दही मुळात ‘एकत्र पडणे’च आहे. युरोपातला योगायोग असा सारखा वरून पडत असतो, फाशासारखा.

त्याला नेमका जोडीदार आपल्याकडे आहे, पण तो भलत्याच ठिकाणी लपलेला आहे. सं अधिक पात, संपात. शाळेत एकमेकींवर तंतोतंत बसणाऱ्या रेषांना आपण संपाती रेषा म्हणत आलो, आणि आकाशात विषुववृत्त व क्रांतिवृत्त जेथे छेदतात त्यांतल्या एका बिंदूला वसंतसंपात. लोकमान्यांनी १८९३ सालच्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ ठरवला तो हा संपात मृग नक्षत्रात होता या आधारावर. अक्षरशः भाषांतर करायचे, तर कोइन्सिडन्स म्हणजे संपातच. पण रोजच्या बोलण्यात ‘काय संपात पाहा’ असे कुणी म्हटले, तर आपण काय संप झाला म्हणून विचारू. मराठीने पडण्यापेक्षा जुळणे पसंत केले. अगदीच सोडले असेही नाही. ‘गाठ पडली’ असे आपण म्हणतोच. गाठ म्हणजे जुळणे आणि ती पडते! लॅटिनचे आणि संस्कृतचे भांडण एका मराठी बाईने ओसरीवर बसून मिटवले असावे, असे या दोन शब्दांकडे पाहून वाटते.

याच गाठीवर आपली सर्वांत प्रसिद्ध म्हण बेतलेली आहे. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.’ या कावळ्याचे वय सहज दीड हजार वर्षांच्या आसपास जावे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (५.३.१०६) एक छोटे सूत्र आहे, समासाला ‘सारखे’ या अर्थी ‘ईय’ कसे लागते ते त्यात सांगितले आहे. सूत्रात कावळा नाही. पण सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनी लिहिलेल्या काशिका या टीकेत त्याचे उदाहरण म्हणून ‘काकतालीय’ शब्द येतो, आणि त्याचा उलगडाही. कावळ्याचे येणे सहजच झाले, ताडाचे पडणेही सहजच, आणि त्या पडत्या ताडाने कावळा मेला. तसाच कुणी देवदत्त वाटेने निघाला, तिकडून दरोडेखोर येऊन कोसळले, आणि देवदत्त प्राणाला मुकला. दरोडेखोरांच्या या कोसळण्याला टीकाकारांनी वापरलेला शब्द ‘उपनिपात’. लॅटिनवाल्यांना तो पाहून आपलाच भाऊ भेटल्यासारखे झाले असते.

व्याकरणकारांच्या पोतडीत असे आणखीही अपघात आहेत. बोकडाने मान घासायला आणि टांगलेली तलवार पडायला एकच वेळ यावी, ते अजाकृपाणीय. आंधळ्याला लावा पक्षी सापडावा, ते अंधकवर्तकीय. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या रेघांतून अक्षर उमटावे, तो घुणाक्षरन्याय. किड्याला लिहिता येत नाही हे सांगायला नकोच. तेथे साक्षर असतो तो पाहणारा. मला या सगळ्यांत हा किडा विशेष आवडतो. ‘योगवासिष्ठ’कारांना मात्र कावळ्याचे वेड. त्या ग्रंथात काकतालीय पुन:पुन्हा येते, आणि शेवटी हे सारे जगच त्या कोटीतले ठरते. आणि जगाचे मूळ कारण कोणते, अशी चर्चा श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी चालली आहे, तिथे काळ, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला ‘यदृच्छा’ हीसुद्धा एक उमेदवार म्हणून उभी आहे. म्हणजे ‘असेच झाले’ हेही उत्तर असू शकते, एवढा विचार त्या काळी झालेला होता. ते उपनिषदाने स्वीकारले नाही, हा भाग वेगळा.

असो. कावळ्याकडे परत येऊ, कारण संस्कृतातून मराठीत उतरता उतरता त्याच्या बाबतीत एक मोठा फेरफार झाला आहे आणि तो सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतात ताड पडतो आणि कावळा मरतो. मराठीत कावळा बसतो आणि फांदी मोडते. तिकडे तो बळी आहे, इकडे आरोपी! फांदी मोडलेली सर्वांना दिसते, तीवर बसलेला दिसतो तो एकटा कावळा, आणि रंगही बिचाऱ्याचा आधीच काळा. वाळवीने फांदी आतून केव्हाची पोकळ केली होती, ते कुणी पाहिलेले नसते. मराठी म्हण जन्मली ती या कावळ्याचे वकीलपत्र घेऊन. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, एवढ्याने एकीने दुसरी घडवली असे होत नाही, हे तिला सांगायचे आहे. हाच कावळा अंगणात ओरडला आणि पाहुणा आला, की श्रेय मात्र त्याला आपण खुशाल देतो. तो ओरडला आणि कुणीही आले नाही अशा सकाळी वर्षातून किती गेल्या, ते विचारू नये.

या म्हणीची खरी गरज अंगणात नव्हे, माजघरात होती. नवी सून माप ओलांडून आत आली आणि पंधरवड्यात सासऱ्यांनी डोळे मिटले. किंवा गोठ्यातली दुभती म्हैस दगावली. किंवा थोरल्या दिरांची नोकरी गेली. लगेच कुजबुज सुरू होई: ‘पांढऱ्या पायाची’. सासऱ्यांचा दमा दहा वर्षांचा जुना असे. म्हशीने काय खाल्ले ते गुराख्याला ठाऊक असे. पण घरात नवे काय आले, तर ते दोन पाय, आणि उंबरठ्यावरच्या कुंकवात ते उमटलेलेही सर्वांनी पाहिलेले. पुराव्याला आणखी काय हवे? हिशेब नीट मांडायचा, तर चार खाती उघडावी लागली असती. सून आली आणि कुणी गेले, ते एक. सून आली आणि कुणीही गेले नाही. त्याच आळीत त्याच मोसमात अशी आठ घरे असत. सून आली नाही आणि तरी माणूस गेले. स्मशान काही लग्नसराईची वाट पाहत नाही. सून आली नाही आणि कुणी गेलेही नाही, म्हणजे बाकीचे सगळे दिवस. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणारे हे लोक दिडकीच्या जमाखर्चात चूक खपवून घेत नसत. पण इथे पहिल्या खात्यावर एकच रक्कम लिहून वही मिटवत आणि तिन्ही खाती कोरी ठेवत.

बाईच्या ऐवजी जावयाच्या पायांचा रंग कधी कुणी पाहिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. लग्न तर दोघांचेही त्याच दिवशी लागलेले असते.

कधी कधी माजघरातल्या काळोखातून एखादी म्हातारी आत्याबाई वाती वळता वळता म्हणे, ‘अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पोरीला काय बोल लावता?’ तिचा घरात दरारा असला, तर विषय तेवढ्यावर मिटे. नसला, तर तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे, आणि ती सून पुढे कितीतरी वर्षे हळदीकुंकवाच्या दिवशी दाराच्या मागे उभी राही.